पान एकच, मग प्रत्येकाला वेगळं का दिसतं?

वेबसाइट बनवणाऱ्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. "माझ्या लॅपटॉपवर साइट व्यवस्थित दिसते, मग मेहुण्याच्या फोनवर ती अशी विस्कटलेली का?" आणि "साइट होऊन इतके दिवस झाले, गूगलवर आपण अजून खालीच का?" विचारणाऱ्याला वाटतं की कामात कुठेतरी कसर राहिली आहे. कधी ती राहिलेलीही असते. पण बऱ्याचदा उत्तर वेगळंच असतं, आणि ते दोन्ही प्रश्नांना लागू पडतं. वेबचं पान डिझायनरच्या हातून थेट वाचकाच्या हाती जात नाही. वाटेत ब्राउझर असतो आणि बहुतेकदा त्याच्याही आधी शोधयंत्र असतं. दोघंही ते पान आधी स्वतः वाचतात, आपल्या समजुतीप्रमाणे त्याचा अर्थ लावतात आणि मग वाचकापुढे ठेवतात.

१. पान म्हणजे लेखी सूचना

आपण फोनवर पत्ता टाकतो तेव्हा सर्व्हरवरून तयार चित्र येत नाही. मजकूर येतो आणि त्या मजकुराबद्दलच्या सूचना येतात. 'हे शीर्षक', 'हा परिच्छेद', 'हा दुवा' हे सांगणारी भाषा म्हणजे एचटीएमएल. 'शीर्षक गडद निळं, परिच्छेदाच्या चारी बाजूंना २० पिक्सेल मोकळी जागा' हे सांगणारी भाषा म्हणजे सीएसएस. पिक्सेल हे पडद्यावरच्या मापाचं एकक. बटण दाबल्यावर यादी उघडावी, फॉर्म अर्धवट असेल तर सूचना यावी, अशा हालचालींसाठी जावास्क्रिप्ट. ब्राउझरचा जो भाग हे सगळं वाचून पान रंगवतो त्याला इंजिन म्हणतात. क्रोमचं इंजिन ब्लिंक, फायरफॉक्सचं गेको, सफारीचं वेबकिट.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला. तिथे देशोदेशीचे शास्त्रज्ञ वेगवेगळ्या जातीचे संगणक घेऊन काम करत होते, आणि एकाची टिपणं दुसऱ्याच्या संगणकावर उघडत नव्हती. वेब जन्माला आलं ते हे दुखणं दूर करण्यासाठी. पान प्रत्येक यंत्रावर थोडं वेगळं दिसेल हे त्यात गृहीतच होतं; मजकूर सगळ्यांना वाचता यावा एवढीच अट होती. डिझायनरला जी डोकेदुखी वाटते ती मुळात वेबची ताकद आहे, हे मी मनापासून मानतो. त्रास सुरू झाला तो एकाच सूचनेचा अर्थ दोन ब्राउझर वेगवेगळा लावू लागले तेव्हा.

२. ३०० पिक्सेल म्हणजे नेमके किती?

समजा, दापोलीतल्या एका घरगुती निवासाची साइट आहे. पान ६०० पिक्सेल रुंद आणि त्यात शेजारी शेजारी दोन रकाने: एकात खोल्यांची माहिती, दुसऱ्यात दर. डिझायनरने प्रत्येक रकान्याला सूचना दिली: रुंदी ३००, आत दोन्ही बाजूंना २० पिक्सेल मोकळी जागा, म्हणजे पॅडिंग, आणि कडेला ५ पिक्सेलची चौकट, म्हणजे बॉर्डर.

डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीएसएसच्या पहिल्या प्रमाण आराखड्याप्रमाणे रुंदी फक्त मजकुराची मोजायची. बाकीचं बाहेरून लागतं. म्हणजे ३०० अधिक दोनदा २० अधिक दोनदा ५, एकूण ३५०. विंडोजवरच्या इंटरनेट एक्सप्लोअरर ५ या मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरचा हिशेब वेगळा होता. त्याच्या लेखी ३०० म्हणजे सगळं मिळून ३००. पॅडिंग आणि बॉर्डर त्यातूनच वजा व्हायची आणि मजकुराला २५० उरायचे. दोन शिंप्यांना एकच माप दिलं, एकाने शिलाईची माया त्या मापात धरली आणि दुसऱ्याने वरून सोडली, तर दोन सदरे जसे निघतील तसं हे होतं.

परिणाम साधा नव्हता. प्रमाण मानणाऱ्या ब्राउझरमध्ये दोन रकाने मिळून ७०० पिक्सेल झाले. पान ६०० चं. दुसऱ्या रकान्याला शेजारी जागाच उरली नाही, म्हणून तो घसरून पहिल्याच्या खाली गेला. 'साइट विस्कटली' म्हणतात ती ही. आता रुंदी २५० करून ते दुरुस्त केलं, की एक्सप्लोअरर ५ मध्ये रकाना अडीचशेचा आणि मजकुराला दोनशेच. एका ठिकाणी बसवावं तर दुसरीकडे आखूड.

यावर टांटेक चेलिक यांनी काढलेली युक्ती त्या काळात जगभर वापरली गेली. एक्सप्लोअरर ५ ला एका विशिष्ट ओळीवर अडखळायला लावायचं, म्हणजे पुढची सूचना तो वाचणारच नाही आणि इतर ब्राउझर वाचतील. चेलिक स्वतः मायक्रोसॉफ्टमध्ये मॅकसाठीच्या एक्सप्लोअररच्या इंजिनावर काम करत होते. त्याच मॅक आवृत्तीने २००० साली अधिक टिकाऊ तोड आणली: पानाच्या पहिल्या ओळीत प्रमाणाची घोषणा असेल तर प्रमाणाने मोजायचं, नसेल तर जुन्या पद्धतीने.

पुढे सीएसएसमध्येच 'बॉक्स-सायझिंग' नावाची सूचना आली. कोणता हिशेब हवा ते डिझायनरने सांगायचं. आज बहुतेक डिझायनर मायक्रोसॉफ्टचा जुना हिशेबच निवडतात, कारण रकाना ३०० चा सांगितला की तो ३०० चाच राहतो. वाद कोणाचं बरोबर याचा नव्हताच. सगळ्यांनी एकच हिशेब पाळावा एवढाच होता.

३. चुकलेलं पान कसं वाचायचं?

चुकीच्या आज्ञावलीने संगणकाचे बहुतेक कार्यक्रम बंद पडतात. वेबपान बंद पडत नाही. 'इथून ठळक, इथून तिरपं, ठळक संपलं, तिरपं संपलं' असं कोणी लिहिलं तर क्रम चुकला आहे. जे नंतर उघडलं ते आधी बंद व्हायला हवं. तरीही ब्राउझर अंदाज बांधून काहीतरी दाखवतोच. या सहनशीलतेमुळेच शाळकरी मुलांपासून दुकानदारांपर्यंत कोणीही पान लिहू शकलं. पण प्रत्येक ब्राउझरचा अंदाज वेगळा होता. ज्याने फक्त एकाच ब्राउझरमध्ये पान तपासलं, त्याला आपली चूक कधी कळलीच नाही.

यावरचा इलाज मला आजही फार मोलाचा वाटतो. २००४ साली ॲपल, मोझिला आणि ऑपेरा इथल्या मंडळींनी एक गट स्थापन केला आणि त्यातून पुढे एचटीएमएल ५ उभं राहिलं. त्यात बरोबर पान कसं वाचायचं हे होतंच, शिवाय चुकलेलं पान नेमकं कोणत्या पायऱ्यांनी वाचायचं हेही बारकाईने लिहून काढलं. आता चूक झाली तरी सगळे ब्राउझर ती एकाच रीतीने सावरतात. हे काम कंटाळवाणं होतं आणि वापरणाऱ्याला ते कुठेच दिसत नाही, पण डिझायनरच्या कितीतरी रात्री त्याने वाचवल्या.

४. जिंकल्यावर थांबलेला ब्राउझर

नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या ब्राउझर बनवणाऱ्या दोन कंपन्यांची चढाओढ १९९५ नंतर पेटली. दोघंही दर आवृत्तीत स्वतःच्या खास सूचना घुसवत. नेटस्केपने अक्षरं लुकलुकवली, मायक्रोसॉफ्टने ती पडद्यावरून सरकवली. एक्सप्लोअरर विंडोजबरोबरच मिळत असे, त्यामुळे नेटस्केप मागे पडला. ऑगस्ट २००१ मध्ये एक्सप्लोअरर ६ आला. पुढची आवृत्ती आली ऑक्टोबर २००६ मध्ये. मधली पाच वर्षं जगातले बहुतेक लोक एकाच, न सुधारणाऱ्या ब्राउझरमधून वेब पाहत होते.

त्याच्या खोडी त्या पिढीच्या डिझायनरांना तोंडपाठ होत्या. डावीकडे तरंगत ठेवलेल्या चौकटीला डावीकडे १० पिक्सेल समास दिला तर तो २० द्यायचा. पारदर्शक पार्श्वभूमीचा पीएनजी लोगो राखाडी ठोकळ्यात दिसायचा. प्रत्येक खोडीवर वेगळं औषध. औषधांची एक स्वतंत्र फाइलच ठेवायची आणि ती फक्त एक्सप्लोअररलाच वाचता येईल अशी सोय करायची, ही रूढ पद्धत झाली होती.

लोक नवा ब्राउझर का घेत नव्हते? नोव्हेंबर २००४ पासून फायरफॉक्स फुकट मिळत होता. पण कचेऱ्यांमधली अंतर्गत कामाची सॉफ्टवेअर खास एक्सप्लोअरर ६ साठी लिहिलेली होती. ब्राउझर बदलला की पगारपत्रकच उघडेना. 'अमुक ब्राउझरमध्ये, अमुक आकाराच्या पडद्यावर उत्तम दिसेल' ही ओळ आपल्याकडच्या सरकारी साइटींच्या तळाशी कितीतरी वर्षं टिकली ती याच काळाची खूण. मला ती ओळ नेहमीच खुपत आली. नागरिकाने दाखला काढायला कोणता ब्राउझर वापरावा हे साइटने ठरवायचं नसतं. मार्च २०११ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोअरर ६ सोडा म्हणून मोहीम काढली, आणि डेस्कटॉपवरच्या इंटरनेट एक्सप्लोअररचा आधार १५ जून २०२२ रोजी संपवला.

५. मराठीचं वेगळं दुखणं

इंग्रजी साइटींना रकाने घसरण्याचा त्रास होता. मराठी साइटींच्या बाबतीत अक्षरंच वाचता येत नव्हती.

संगणक प्रत्येक अक्षर एका क्रमांकाने साठवतो. देवनागरीसाठी स्वतंत्र क्रमांक युनिकोडमध्ये १९९१ पासून आहेत, पण सामान्य माणसाच्या संगणकापर्यंत ते पोचायला वेळ लागला. विंडोज एक्सपीमध्येसुद्धा भारतीय लिप्यांची सोय वेगळी चालू करावी लागे, आणि त्यासाठी सीडी शोधावी लागे. तोवर फॉन्ट बनवणाऱ्यांनी आडवाट काढली होती: इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवायचे. कृतिदेव फॉन्टमध्ये 'भारत' उमटवायचं तर संगणकात साठवली जातात एच, के, के, जे, आर ही रोमन अक्षरं. छपाईला हे चाललं. कागदावर 'भारत'च उमटत होतं.

वेबवर मात्र वाचकाकडे तोच फॉन्ट हवा. तो नसेल तर पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरांची रांग. म्हणून पानाबरोबर फॉन्टही पाठवण्याच्या युक्त्या निघाल्या. पण एक्सप्लोअररचा फॉन्ट-प्रकार वेगळा, नेटस्केपचा वेगळा, आणि फायरफॉक्समध्ये दोन्ही चालत नसत. मराठी वर्तमानपत्र एका ब्राउझरमध्ये सुबक आणि दुसऱ्यात अगम्य, हे अनेकांनी अनुभवलं आहे.

दुसरा तोटा त्याहून मोठा होता. शोधयंत्र फॉन्टचे आकार पाहत नाही, साठवलेले क्रमांक वाचतं. कोणी 'भारत' शोधलं तर एच-के-के-जे-आर असलेलं पान त्याला कसं सापडणार? त्या वर्षांत वेबवर चढवलेला मराठी मजकूर शोधाच्या दृष्टीने जणू लिहिलाच गेला नव्हता. ब्राउझरची अडचण आणि शोधाची अडचण एकच असते याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसऱ्या कुठल्या भाषेत क्वचितच मिळेल.

युनिकोडने हे बरंचसं सुटलं, सगळं नाही. 'साताऱ्याला' मधला 'ऱ्या' दोन प्रकारे साठवता येतो: खाली टिंब असलेला 'ऱ' आणि हलन्त वापरून, किंवा साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण अक्षरागणिक जुळवणाऱ्या साध्या शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि कितीतरी साइटींचा स्वतःचा शोध असाच साधा असतो. शिवाय पानाची भाषा मराठी आहे असं एचटीएमएलमध्ये स्पष्ट लिहिलं, तर ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात तो 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दाखवतो, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. एका छोट्या सूचनेचं काम. तरी ती राहून जाते.

६. शोधयंत्र पानाला वजन कसं देतं?

शोधयंत्राचं काम तीन टप्प्यांत चालतं. त्याचा कार्यक्रम एका पानावरून दुव्यांमार्फत दुसऱ्या पानावर जात वेब फिरतो. गूगलच्या या फिरत्या कार्यक्रमाला गूगलबॉट म्हणतात. मिळालेल्या मजकुराची शोधयंत्र सूची करतं. आणि कोणी काही शोधलं की त्या सूचीतली पानं क्रमाने मांडतं. भांडण असतं ते या क्रमाचं.

सुरुवातीची शोधयंत्रं पानावरच्या शब्दांवर फार विसंबत. मग लोक एकच शब्द शंभरदा लिहू लागले, तोही पांढऱ्यावर पांढऱ्या रंगात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ च्या सुमारास दुव्यांवर आधारलेली पेजरँक पद्धत मांडली. दुसऱ्या पानाने तुम्हाला दुवा देणं म्हणजे मत देणं. आणि ज्या पानाला स्वतःला जास्त वजन, त्याचं मत जास्त मोलाचं. पान आपलं वजन आपल्या सगळ्या दुव्यांमध्ये वाटून टाकतं.

दापोलीच्या साइटचंच उदाहरण घेऊ. सोयीसाठी आकडे लहान धरले आहेत. प्रवासावरच्या एका नावाजलेल्या लेखाचं वजन ६ आहे आणि त्यात तीनच दुवे आहेत, त्यातला एक तुमचा. तुम्हाला मिळाले २. दुसरीकडे एका दुव्यांच्या यादीचं वजन १, आणि तिच्यात शंभर दुवे. तुम्हाला मिळाला शंभरावा भाग, ०.०१. त्या एका लेखाची बरोबरी करायला अशा दोनशे याद्या लागतील. आजच्या क्रमवारीत दुव्यांशिवाय इतर पुष्कळ गोष्टी पाहिल्या जातात, पण हे मूळ सूत्र कळलं की 'पाचशे साइटींवर तुमचं नाव टाकून देतो' म्हणणाऱ्या दलालाला किती पैसे द्यायचे ते आपोआप ठरतं.

७. आडवाटेने गेलेले

मोठ्या कंपन्याही या मोहात पडल्या. फेब्रुवारी २००६ मध्ये गूगलने बीएमडब्ल्यूची जर्मन साइट काही दिवस सूचीतून काढून टाकली, कारण शोधयंत्राला एक पान दाखवलं जात होतं आणि माणसाला दुसरं. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या दुकानसाखळीसाठी असंबद्ध साइटींवर पेरलेले हजारो दुवे न्यूयॉर्क टाइम्सने उघडकीला आणले. आपल्या संमतीने हे झालं नाही असं कंपनीने सांगितलं, तरी गूगलने तिला खाली ढकललंच. त्याच वर्षी सवंग मजकूर भरलेल्या साइटींना खाली ढकलणारा 'पांडा' हा बदल आला आणि २०१२ मध्ये बनावट दुव्यांवरचा 'पेंग्विन'.

प्रामाणिक डिझायनरची अडचण इथे समजून घ्यायला हवी. नियम बदलतात तेव्हा त्यांचा संपूर्ण तपशील जाहीर होत नाही. काल पहिल्या पानावर असलेली साइट आज तिसऱ्यावर जाते आणि तिच्यात एक अक्षरही बदललेलं नसतं. ग्राहक फोन करतो. डिझायनरकडे ठाम उत्तर नसतं. म्हणूनच 'पहिला क्रमांक मिळवून देतो' अशी हमी लेखी देणाऱ्यापासून लांब राहावं. ती हमी देणं कोणाच्याच हातात नाही.

८. गूगलबॉटही एक ब्राउझरच

आता दोन्ही प्रश्न एकत्र येतात. आजच्या अनेक साइटींमध्ये सर्व्हरवरून जवळजवळ कोरं पान येतं आणि जावास्क्रिप्ट ते वाचकाच्या फोनवर भरते. अशी पानं वाचायची तर गूगलबॉटला आत ब्राउझर चालवावा लागतो. मे २०१९ पर्यंत तो क्रोमच्या ४१ व्या आवृत्तीवर होता. ती आवृत्ती २०१५ ची. चार वर्षांत भाषेत आलेल्या नव्या सोयी तिला कळत नसत. डिझायनरच्या ताज्या क्रोमवर पान झकास. गूगलबॉटला मात्र, जुन्या ब्राउझरसाठीची पर्यायी तजवीज केलेली नसेल तर, कोरा कागद. अशी साइट वर येत नाही म्हणून मालक नवे शब्द आणि नवे दुवे शोधत बसायचा, आणि खरी चूक ब्राउझर जुळवण्यात असायची. मे २०१९ पासून गूगलबॉट ताज्या क्रोमबरोबर चालू लागला. तरीही इतर शोधयंत्रांच्या आणि समाजमाध्यमांच्या सगळ्याच कार्यक्रमांना जावास्क्रिप्ट चालवता येते असं नाही. म्हणून मुख्य मजकूर सर्व्हरवरूनच तयार यावा हे उत्तम.

गूगल आता पानाची फोनवरची आवृत्तीच प्रमाण मानतं. हा बदल २०२३ मध्ये पूर्ण झाल्याचं त्यांनी जाहीर केलं. फोनवर जागा वाचवण्यासाठी दराचा तक्ता काढून टाकला असेल, तर शोधयंत्राच्या लेखी तुमच्याकडे दराचा तक्ताच नाही.

९. साइट करून घेणाऱ्याने काय विचारावं?

ब्राउझरांची स्थिती बरीच सुधारली आहे. २०२२ पासून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला दरवर्षी एकत्र बसून कोणत्या त्रुटी आधी काढायच्या ते ठरवतात आणि सामाईक चाचण्यांवर स्वतःला तपासतात. पण फरक संपलेले नाहीत. आयफोनवर क्रोम टाकलं तरी आपल्याकडे त्याच्या आत सफारीचंच वेबकिट असतं. ॲपलचा तसा नियम आहे आणि २०२४ मध्ये त्यातून युरोपीय संघाला सवलत मिळाली. 'आम्ही क्रोमवर तपासलंय' हे उत्तर म्हणून अपुरं आहे. खऱ्या आयफोनवर आणि एखाद्या जुन्या, स्वस्त अँड्रॉइडवर साइट उघडून दाखवायला सांगा. गाडी चुकलेला पाहुणा रात्री दापोलीच्या निवासाचा नंबर शोधेल तो अशाच फोनवरून.

नंबर आणि दर चित्रात नकोत, मजकुरात हवेत; चित्रातल्या नंबरावर बोट ठेवून फोन लागत नाही. पाहुणे रोमन लिपीत शोधतात आणि देवनागरीतही, तेव्हा गावाचं आणि निवासाचं नाव दोन्ही लिप्यांत असावं. साइट तयार होत असताना तिच्यावर 'शोधयंत्राने सूचीत घेऊ नये' अशी खूण लावलेली असते. ती काढली का, हे स्पष्ट विचारा. मालक कितीतरी दिवस क्रमवारीची चिंता करतो आणि साइट मुळात सूचीतच नसते, असं खरोखर घडतं. गूगलच्या सर्च कन्सोल या मोफत सेवेत ते लगेच कळतं, आणि तिथलं खातं डिझायनरच्या नव्हे तर तुमच्या नावावर असावं.

साइट नव्याने करून घेताना जुन्या पानांचे पत्ते बदलणार असतील, तर प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळण द्यायला सांगा. त्या कामात ३०१ हा संकेत वापरतात. ते न केल्यास वर्षानुवर्षं इतरांनी दिलेले दुवे नसलेल्या पानांवर जाऊन संपतात, आणि सहाव्या विभागात मोजलेलं वजन गूगलला पुन्हा शून्यापासून मोजावं लागतं.